चार हौद आणि रोजचा छत्तीस किलो ओला कचरा

दिवाळी संपल्यावरचा दुसरा सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४. त्या दिवसापासून सलग सात दिवस आम्ही जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीचा आणि खालच्या दुकानांचा ओला कचरा काट्यावर तोलला. ४८ सदनिका, त्यांतल्या सहा बंद. खाली सात गाळे: खानावळ, भाजीवाले, चहाची टपरी, रसवंती, किराणा, शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं दुकान, औषधांचं दुकान. सात दिवसांची सरासरी काढली तर घरांचा १९ किलो, खानावळीचा ९, भाजीवाल्यांचा ६ आणि चहा-रसवंतीचा मिळून २ किलो निघाला. एकूण ३६. उसाची चिपाडं वेगळी, ती यात धरलेली नाहीत.

ओल्या कचऱ्याचं जागेवरच खत करायचं असेल तर हे वजन आधी करा. हौद किती बांधायचे, माणूस किती वेळ लागेल, सुका पाला किती जमवायचा, सगळं याच आकड्यावर ठरतं. आमच्याकडे येऊन चौकशी करणाऱ्या बहुतेकांनी हौदाची जागा ठरवलेली असते, पण कचरा तोललेला नसतो.

तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवण्याचं बंधन होतं. आमचा भूखंड त्याहून बराच लहान, त्यामुळे सक्तीचा धाक दाखवण्याची सोय नव्हती. प्रत्येकाला पटवूनच घ्यायचं होतं. २४ नोव्हेंबरच्या विशेष सर्वसाधारण सभेला गणपूर्ती झाली नाही. अर्धा तास तहकूब करून पुन्हा सुरू केली. विरोध खताला नव्हता, जागेला होता. वास कोणाच्या खिडकीत जाणार, उंदीर होणार, घुशी येणार, पाहुणे काय म्हणतील. म्हणून ठरावात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: हौद कोणत्याही खिडकीपासून २५ फूट आणि बोअर व जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीपासून ४० फूट लांब, ९० दिवस प्रायोगिक, नव्वदीनंतर बहुमताने नको म्हटलं तर संस्थेच्या खर्चाने पाडून जागा पूर्ववत. ही तिसरी ओळ घातली आणि नाही म्हणणारे पाच-सहा जण ‘बघू मग’वर आले. पैसे घरटी ९०० रुपये वर्गणीतून. इमारतीच्या दुरुस्तीचा निधी याला वापरू नये, पुढे हिशेबतपासणीत प्रश्न येतात.

जागेवर कचरा जिरवतो आहोत, घंटागाडीत फक्त सुका कचरा देऊ, असं कळवणारा अर्ज २८ नोव्हेंबरला महापालिकेत दिला. तो परत आला, कारण ठरावाची प्रत जोडली नव्हती, चूक आमचीच. दुसऱ्यांदा ठरावाची सही-शिक्क्याची प्रत, जागेचा हातानं काढलेला नकाशा आणि सात दिवसांच्या वजनाचा तक्ता जोडला. आवक क्रमांक टाकून पोच घ्यायला विसरू नका, पुढची प्रत्येक विचारणा त्याच क्रमांकावर होते. १९ डिसेंबरला पाहणी झाली. पाहणीत विचारलं गेलं ते एवढंच: पाणी कुठे जाणार, मटणाची हाडं टाकणार का, झाकण काय. या तिन्हींची उत्तरं आधी तयार ठेवा.

हौद २३ ते २७ डिसेंबरला झाले. आतून चार फूट लांब, तीन रुंद, तीन उंच, म्हणजे एकाची क्षमता साधारण हजार लिटर. भिंत जाळीची, दर दोन विटांमध्ये अडीच इंचांची फट. खाली काँक्रीट नाही, विटांचा थर आणि सांध्यांत वाळू. समोरची बाजू फळ्यांची, सरकवून काढता येणारी. ही समोरची बाजू पक्की बांधू नका. खत काढायला माणूस आत उतरावा लागला तर ते काम दोन महिन्यांत बंद पडतं. चार हौदांना २६,४०० रुपये लागले, वरच्या हिरव्या शेडनेटला आणि पाइपांना ७,२००, घरोघरच्या झाकणाच्या बादल्यांना ५,२८० आणि काटा, लांब दांडीचा तापमापक, चार मिलिमीटरची चाळण, पंजा-खोरं यांना ३,९००. एकूण ४२,७८०. कापणी यंत्र घेतलं नाही. विळा आणि लाकडी ठोकळा पुरतो.

रोजच्या कामाला आमच्याच सफाई कामगार मावशी तयार झाल्या. दीड तास जादा, त्याचे महिन्याला २,५०० रुपये, हातमोजे आणि गमबूट संस्थेचे, आठवड्याला एक सुटी. त्या दिवशी रहिवाशांची पाळी. हे पैसे घरटी ६० रुपयांतून निघतात. मावशींना फुकटात जादा काम सांगून कोणी ‘पर्यावरण’ करू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

दुकानदारांना सामील करून घेणं हे खरं अवघड काम. पहिल्या फेरीत आम्ही कचऱ्याचे डोंगर, हवामान, पुढची पिढी असं बोललो. सगळ्यांनी मान हलवली, कोणी काही केलं नाही. मग दोन दिवस नुसतं बघितलं, कोणाचा कचरा किती वाजता तयार होतो ते. घंटागाडी सकाळी आठला. खानावळीची भाजी निवडून होते साडेदहाला, दुपारची पंगत उठते साडेतीनला. म्हणजे दिवसभराचा सगळा माल पिशवीत बांधून मागच्या दाराशी दुसऱ्या दिवसापर्यंत. रात्री कुत्री पिशवी फोडणार, सकाळी ओटा धुवायचा, आणि पाणी तर चार-पाच दिवसांआड. खानावळवाल्या अक्का म्हणाल्या, “अकरापर्यंत मला मान वर करायला उसंत नाही. तुम्ही येऊन नेणार असाल तर बघा की.” आम्ही अकराला आणि चारला डबा उचलायचं ठरवलं. दुसऱ्या आठवड्यात मागचं दार स्वच्छ दिसायला लागलं, आणि बाकीच्या गाळ्यांना सांगायचं काम अक्कांनीच केलं.

तेव्हापासून कुठल्याही दुकानात गेलो की पहिला प्रश्न एकच: कचऱ्याचा त्रास तुम्हाला किती वाजता होतो? भाजीवाल्यांचा तो रात्री साडेनऊला, न खपलेली मेथी-कोथिंबीर उरते तेव्हा. रसवंतीवाल्या अण्णांचा दुपारी, चिपाडांच्या ढिगावर माश्या आणि गांधीलमाश्या घोंघावतात तेव्हा. चटणीच्या दुकानात भाजलेल्या शेंगदाण्यांची लाल फोलपटं वाऱ्यानं रस्ताभर उडायची.

ही फोलपटं आणि चिपाडं म्हणजे आमच्यासाठी सोनं होतं. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) आणि पाणी भरपूर, कर्ब (कार्बन) कमी. एकटा कुजवला की चिखल होतो आणि सडका वास येतो. कर्ब आणि नत्राचं प्रमाण तीसास एकच्या आसपास आणायचं तर अंदाजे एक बादली ओल्याला एक बादली सुका माल लागतो. ३६ किलो ओला म्हणजे सत्तर-बहात्तर लिटर, तेवढाच सुका रोज. महिन्याला वीस-बावीस पोती! बहुतेक ठिकाणचे प्रयोग इथेच बसतात: ओल्याची सोय केलेली असते, सुक्याची नसते.

चिपाडं ताजी टाकू नका, साखरेमुळे आंबतात. आपल्या उन्हात दोन दिवस वाळवून दोन-तीन इंचांचे तुकडे करावेत. फोलपटं आधी पाण्याचा हबका मारून घ्यावीत, नाहीतर पसरताना अर्धी उडून जातात. कडुनिंबाचा पाला फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत मिळेल तेवढा पोत्यांत भरून ठेवावा. पावसाळ्यात सुका पाला कुठेच मिळत नाही. आम्ही साठ पोती भरली होती, ती सप्टेंबरात संपली. वखारीतला भुसा चालतो, पण साध्या लाकडाचाच. प्लायवूड कापतात तिथला नको, त्यात डिंक असतो. विडीच्या पानांची कात्रणं मिळाली तर उत्तम, त्यात तंबाखूची भुकटी मिसळलेली नाही एवढं पाहावं.

१ जानेवारी २०२५ ला पहिल्या हौदात सहा इंच जाड चिपाडं अंथरली, वर शेणकाला शिंपडला (पाच किलो शेण, वीस लिटर पाणी) आणि सुरुवात केली. विकतची विरजण-पावडर लागली नाही. घरं फक्त १९ आली. रोज १७ किलोच्या आसपास. १३ तारखेला भोगी. हरभऱ्याचे ढाळे, पावट्याची टरफलं, गाजराचा पाला, वांग्यांचे देठ, आणि सामील नसलेल्या घरांनीही आपापली टोपली आणून ठेवली. त्या एका दिवसाचं वजन ४४ किलो. हिरवा माल एवढा एकदम आला की त्याला थरात दाबू नये. विळ्यानं कापून, सुक्यात कालवून, मगच पसरावा. बाराव्या दिवशी ढिगाच्या मध्यात तापमापक ५४ अंश दाखवत होता. तिथं हात घातला तर चटका बसायचा. तो दिवस आम्हा सगळ्यांना फार बरा वाटला.

पहिला हौद ३ फेब्रुवारीला भरला. एकूण ५९० किलो ओला माल गेला होता. ३० मार्चला, गुढीपाडव्याला, चाळला. खत निघालं १२८ किलो. काळं, मातीचा वास येणारं. पण चाळणीवर जे उरलं ते बघण्यासारखं होतं. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे २१४ रबर. दुधाच्या पिशवीचे कापलेले ६३ कोपरे, नखाएवढे, निळे-पांढरे. फळांवरची स्टिकरं, चहाच्या पुरचुंड्यांचे दोरे, एक चमचा. हे सगळं एका स्टीलच्या ताटात घालून आठ दिवस फाटकाशी ठेवलं, वर कोणाचंही नाव नाही, फक्त ‘आपल्या हौदातून’ एवढी चिठ्ठी. लोक थांबून बघायचे. पिशवीचा कोपरा पूर्ण तोडायचा नाही, चीर देऊन लटकताच ठेवायचा, एवढा एक बदल केला तरी अर्धं काम होतं. भाजीवाले जुडी सुटी झाली की रबर डबीत टाकायला लागले आणि तेच रबर पुन्हा वापरायला लागले. मार्चअखेर घरं ३१ झाली.

यानंतर एप्रिलनं आम्हाला गाठलं. खतावरची बहुतेक माहिती जिथं पाऊस भरपूर आणि हवा दमट तिथल्या माणसांनी लिहिलेली असते. ती सांगते: ओल जास्त होऊ देऊ नका, भिंती जाळीदार ठेवा. आपल्याकडे पाऊस वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर आणि एप्रिलात पारा चाळिशीच्या वर. जाळीतून वारं खेळलं आणि ढिगाचा बाहेरचा वीतभर थर खडखडीत वाळला. मध्यभाग चांगला तापत होता, म्हणून आम्हाला वाटलं सगळं ठीक आहे. वास नाही, माश्या नाहीत, रंगही तपकिरी. १८ एप्रिलला दुसरा हौद उघडला तर कडेला वांग्याची देठं जशीच्या तशी, डाळिंबाच्या साली खापरासारख्या कडक, मटाराच्या शेंगा ओळखू येतील अशा. सगळं वाळलं होतं, कुजलं नव्हतं. वाळलेला कचरा खत म्हणून कुंडीत घातला तर पाणी मिळताच तिथे कुजायला लागतो आणि मुळं जाळतो.

ही फसगत टाळायची साधी परीक्षा अशी. मूठभर खत ओलं करून झाकणाच्या बरणीत तीन दिवस सावलीत ठेवायचं. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार, आंबूस किंवा सडका आला तर अजून वेळ आहे. आणि ओल किती हवी? मूठ घट्ट आवळली की बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा. धार नको, कोरडी भुकटीही नको.

जाळीच्या भिंतींना आतून बारदान लावलं आणि ते सकाळ-संध्याकाळ भिजवायला सुरुवात केली. डाळिंबाच्या साली वेगळ्या काढून ठेचूनच टाकायच्या, असं ठरवलं. पण पाणी आणायचं कुठून? नळाचं पाणी खताला घालणं या शहरात मनाला पटत नाही. घरोघरच्या शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी जमवलं, रोज तीस-चाळीस लिटर. दिसायला स्वच्छ, फुकट. इथे मोठी चूक झाली, ती जूनमध्ये कळली.

दुसरी अडचण एप्रिलातच उभी राहिली. ३१ घरं आणि सगळी दुकानं मिळून माल तीसच्या पुढे गेला आणि हौद सोळा-अठरा दिवसांत भरायला लागला. तीन हौद फिरते, चौथा पाल्यासाठी राखलेला, त्यामुळे कुजायला जेमतेम बत्तीस दिवस मिळत होते. कमीत कमी पंचेचाळीस तरी हवेत. पाला पोत्यांत हलवला आणि चौथा हौदही फिरता केला, तेव्हा गणित जुळलं. नव्यानं करणाऱ्यांनी रोजच्या दर दहा किलो ओल्या कचऱ्यामागे हजार लिटरचा एक हौद धरावा आणि पाल्याची जागा वेगळी ठेवावी.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस अनपेक्षित लवकर आला. शेडनेट ऊन अडवतं, पाऊस नाही. तिसरा हौद तळापर्यंत भिजला, चार दिवसांत सडक्या अंड्यांचा वास आणि वर पांढुरक्या अळ्यांची वळवळ. तळमजल्यावरून रीतसर लेखी तक्रार आली आणि ती रास्त होती. हौद पूर्ण उपसला, चिपाडं आणि पाला समसमान कालवला, पुन्हा भरला, वर दोन इंच कोरड्या पाल्याची चादर. चौथ्या दिवशी वास गेला. या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा भराभर खातात. पण त्या एवढ्या दिसल्या म्हणजे ओल जास्त झाली आहे हे नक्की. ५,६०० रुपये खर्चून वर पत्रा टाकला. तो डिसेंबरातच टाकायला हवा होता. ज्यांच्या खिडकीत वास गेला त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली, आणि तेव्हापासून त्या घरातल्या काकू रोज सकाळी तापमापक बघून वहीत आकडा लिहितात.

जूनमध्ये खताचा नमुना प्रयोगशाळेत दिला. अहवालात नत्र, कर्ब ठीक, पण विद्युत वाहकता ४.६. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात ती ४ पर्यंतच चालते. म्हणजे खतात क्षार जास्त. कारण शोधायला वेळ लागला नाही. यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात मूळ पाण्यातले सगळे क्षार साठून आलेले असतात. उन्हानं पाणी उडून जातं, मीठ खतात राहतं. त्यात खानावळीच्या रश्श्याचं मीठ. ते पाणी त्या दिवसापासून बंद. आता खानावळीत भाजी, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी एका पिंपात जमा होतं, चाळीसेक लिटर, तेच वापरतो. साबणाचं पाणी अजिबात नाही. शिजलेलं अन्न गाळणीत निथळवून आणि एकूण मालाच्या पाव हिश्शापर्यंतच. हाडं, मासळी नाही. मधल्या काळातलं खारट खत एकास चार मातीत मिसळून बागेत वापरलं, कुंड्यांना दिलं नाही. ऑक्टोबरच्या नमुन्यात वाहकता ३.१ आली.

खत विकायचा मोह आवरा. पिशवीवर खत म्हणून छापून विकायचं तर त्याच आदेशाखाली परवाना, तपासणी सगळं येतं. आम्ही सामील घरांना आणि दुकानांना वाटतो, उरलेलं जवळच्या बागेला देतो.

जुलैत अक्कांनी स्वतःहून पार्सलच्या पातळ पिशव्यांचा विषय काढला. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि राज्यात पहिल्या वेळचा दंडच पाच हजार. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत कापडाची कात्रणं किलोवर मिळतात, सोलापुरात ती काही दुर्मीळ नाहीत. बारा बाय चौदा इंचांची पिशवी कापडासह शिवून अकरा रुपयांना पडली. ग्राहकाला पंधराला, परत आणली की दहा परत. रोजच्या डबेवाल्यांत हे चाललं, बाहेरच्या गिऱ्हाइकांत नाही. रश्श्याला कापडी पिशवी उपयोगाचीच नाही. स्वतःचा डबा आणणाऱ्याला अक्का पाच रुपये कमी घेतात आणि तो मार्ग जास्त टिकला.

गणपतीत, २७ ऑगस्टपासून, निर्माल्याची वेगळी पेटी ठेवली. हारांतला दोरा, जर, प्लास्टिकची फुलं, थर्मोकोलचे मणी काढल्याशिवाय पेटीत टाकायचं नाही, हे पेटीवरच लिहिलं. सप्टेंबरात जिल्ह्यात सीनेला पूर आला तेव्हा इथेही हवा इतकी दमट होती की बारदान भिजवायची गरजच पडली नाही, उलट फळ्या सैल करून वारं द्यावं लागलं. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, झेंडूचा ढीग आला. झेंडू छान कुजतो, फक्त पाकळ्या मोकळ्या करून टाका. अख्खी फुलं आतून बुरशीच्या गोळ्यासारखी राहतात.

आज, ऑक्टोबर २०२५ मध्ये, सामील घरं ३८ आहेत. चार घरं अजून देत नाहीत, त्यांच्या दारात महिन्यातून एकदा जाऊन विचारतो, जास्त नाही. चौथा हौद २७ सप्टेंबरला बंद केला आहे, मधलं तापमान आता ४१ वर उतरलं आहे. बरणीची परीक्षा करून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चाळू. पानगळीला अजून चार महिने आहेत आणि पोती रिकामी आहेत, त्यामुळे सध्या रसवंतीची चिपाडं रोज गच्चीवर वाळत घालतो आहोत.